धुरावर पिकवलेला मनोरा

मी सांगितलेल्या गोष्टीतून निम्मं वजा करायचं, अशी आमच्या घरात रीत आहे. माझा नवरा तर पाऊण वजा करतो आणि उरलेल्या पावावरही नाक मुरडतो. म्हणून आधीच सांगून ठेवते, या प्रकरणातला वारा, कोंबड्या आणि आत्याचा आवाज यांतून तुम्ही हवं तेवढं वजा करा. मनोऱ्यातून मात्र एक काडीही काढायची नाही. काडी काढली तर तो पडेल. ते मी स्वतः करून पाहिलंय.

खोडाळ्याहून वर चढत गेलं की डोंगराच्या खांद्यावर आमचा पाडा. वारा असा की बाजारात टोपी उडाली तर मालकानं तिच्यामागे धावायचं नाही, सरळ मोखाड्याच्या जीपमध्ये बसायचं आणि स्टँडवर उतरून झेलायची. कोंबड्या वाऱ्याकडे तोंड करून अंडी घालायच्या, नाहीतर अंडं सूर्यमाळला जाऊन पडायचं आणि तिथले लोक परत द्यायचे नाहीत. आमचं घर कारवीच्या कुडाचं, वरून शेणामातीनं लिंपलेलं, आणि पुढे बांबूची ताटी. ही ताटी म्हणजे आमचा दरवाजा. उघडताना ती जमिनीवर खर्रर्र करत घासायची, आणि त्या आवाजावरून कोण आत आलं ते मी डोळे मिटून सांगायचे. आय यायची तेव्हा ताटी उसासा टाकायची. बा यायचा तेव्हा ओरडायची. जाने आत्या यायची तेव्हा ताटीचा आवाज ऐकूच यायचा नाही, कारण आत्याचा आवाज तिच्या आधी घरात शिरलेला असायचा. ही बाची थोरली बहीण, शेजारच्याच घरात एकटी राहायची, खोडाळ्याच्या बाजारात सुकट विकायची. ती बाजारात ‘घ्या सुकट’ म्हणाली की इकडे पाड्यावर मांजरं उठून बसायची.

जमीन म्हणाल तर आमच्या नखांत असायची तेवढीच आमची. बा पावसाळ्यात लोकांची लावणी करायचा, मग गवत कापायचा, आणि दिवाळी उरकली की भिवंडीकडच्या वीटभट्टीवरून टेम्पो यायचा. पाड्यातली निम्मी घरं त्यात चढायची : माणसं, पोरं, टोपं, कोंबड्या, एकदा तर एक बोकड, आणि त्या बोकडाला पुढची जागा मिळाली होती. ताटी दोरीनं बांधून आम्ही जायचो ते पाऊस तोंडावर आला की परतायचो. आय-बा विटा पाडायचे, मी भाकरी थापायचे आणि धाकट्या भावाला, बाळूला, सांभाळायचे. त्यामुळे माझं शिक्षण कसं झालं, तर प्रत्येक पुस्तकाचा पहिला अर्धा भाग मला तोंडपाठ. इतिहासात राजे दर वर्षी जन्मायचे, पण राज्याभिषेकाला मी कधीच हजर नसायचे. गणितात मी बेरजेची वाघीण आणि व्याजाची शेळी. परीक्षेला मला कसंबसं वर ढकलायचे. गुरुजींना माझी दया यायची की भीती वाटायची, हे मला अजून कळलेलं नाही.

नववीत खोडाळ्याच्या शाळेत विज्ञानाला खरे सर आले. जव्हारचे राहणारे, वडिलांचं तिथं कापडाचं दुकान, पण यांचं लक्ष कापडात कधीच नव्हतं. एकदा वर्गात त्यांच्या हातून दिव्याची चिमणी फुटली, तर ओरडायच्या ऐवजी ते खाली बसून काचा कुठवर उडाल्या ते बघत राहिले. “थांबा, कुणी हलू नका,” म्हणाले, “हा मोठा तुकडा सगळ्यात लांब का गेला असेल?” आम्ही सगळे हललोच नाही, घंटा झाली तरी हललो नाही. असा माणूस. आडनाव खरे, आणि मी त्यांची सगळ्यात खोटी विद्यार्थिनी.

त्यांनी एक दिवस पिशवीतून काड्यांचा जुडगा काढला. पांढऱ्या, पिवळसर, चौकोनी काड्या. “हे बाल्सा. परदेशातलं लाकूड. मुंबईला विमानांच्या खेळण्यांचं सामान मिळतं, तिथून आणलंय.” हातात घेतलं तर हात रिकामाच वाटला. नख रोवलं तर लोण्यात रोवल्यासारखं आत गेलं. आमच्याकडे पांगारा हलका म्हणतात. या लाकडापुढे पांगारा म्हणजे धोंडा. मी फुंकर मारली तर काडी घरंगळत बाकावरून खाली गेली. खोटं नाही, हे निम्मं वजा करून सांगतेय.

जव्हारला दिवाळीनंतर विज्ञान प्रदर्शन होतं. त्यात एक स्पर्धा : फक्त बाल्सा आणि पांढरा डिंक वापरून एक फूट उंचीचा मनोरा करायचा. दोरा नाही, खिळा नाही, तार नाही. मग त्यावर वजन ठेवत जायचं, मोडेपर्यंत. जो स्वतः सगळ्यात हलका असून सगळ्यात जास्त पेलेल तो पहिला.

“कसा करायचा, सर?” मी विचारलं.

“मला काय माहीत?” सर म्हणाले, आणि त्यांचे डोळे चमकले. “मी कधी केलाय? तू कर, मोड, आणि कुठून मोडला ते मला येऊन सांग.”

मोडायला सांगणारा मास्तर मला आयुष्यात पहिल्यांदा भेटला होता. मोडण्यात माझा हात कुणी धरला नसता.

पहिला मनोरा मी घरासारखा केला. चार कोपऱ्यांत चार काड्या, वर चौकट, खाली चौकट, मध्ये एक चौकट. दिसायला इतका देखणा की आत्यानं त्याची दृष्ट काढली. मी त्यावर पाट ठेवला, पाटावर रिकामा तांब्या ठेवला. उभा राहिला. तांब्यात पाणी ओतलं. उभा. मग मी हंडा उचलून ठेवला, आणि मनोरा एका बाजूला असा झुकला जसा सभेत पाहुणा झोपेनं शेजाऱ्यावर झुकतो, आणि भुईला लागला. पाणी चुलीत. चूल विझली. आय मला जे बोलली ते मी इथं लिहीत नाही. पण मी चुलीकडे बघतच नव्हते. मी काड्या गोळा करत होते, कारण एकही काडी तुटलेली नव्हती. चारही पाय साबूत होते. मग पडलं काय?

दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही, म्हणजे चारच भाकरी खाल्ल्या. तिसऱ्या दिवशी बा ताटीशी झटत होता. ती पुन्हा तिरकी होऊन भुईवर घासत होती. चौकट चौकोनी होती, पण एका बाजूनं खाली बसून तिची पतंगासारखी आकृती झाली होती. बानं एक कोपरा उचलला, एक बांबू तिरका टाकला, खालच्या कोपऱ्यापासून वरच्या कोपऱ्यापर्यंत, आणि दोन्ही टोकांना करकचून बांधला. ताटी गप्प झाली. मी जाऊन तिला ढकललं, लोंबकळले, वर चढले.

“ए हिरे, उतर! ताटी हाय का झाड?”

“बा, हा तिरका बांबू काढ ना जरा.”

“आताच घातला, आन् काढू?”

“काढ ना. मना बघायचं हाय.”

बानं काही काढला नाही, पण मी रात्रभर डोक्यात तो काढत आणि घालत राहिले. चौकोनाला सांध्यातून वाकायला मुभा असते, त्याच्या बाजू तेवढ्याच राहतात आणि तो लोळतो. त्रिकोणाला लोळायला जागाच नाही. त्याची एखादी बाजू तुटली किंवा ताणली गेली तरच तो हलणार. हे आज मी दोन ओळींत लिहिलं. तेव्हा हे कळलं त्या सकाळी मी पाड्यातल्या प्रत्येक घराच्या ताटीवर लोंबकळून आले. तीन ताट्या बिनतिरक्या होत्या. त्या आता नाहीत.

सरांना सांगितलं तर ते खुर्चीवरून उठले. “आणि वारा दुसऱ्या बाजूनं आला तर?” मी म्हटलं, मग दुसरी तिरकी काडी उलट्या बाजूनं, म्हणजे फुली. मग आम्ही दोघं फळ्यापाशी उभे राहून भांडलो, की दाबलं तर फुलीतली कुठली काडी ओढली जाते आणि कुठली दबते. सरांनी एका काडीच्या जागी दोरा लावून पाहिला : एका बाजूनं ढकललं की दोरा ताठ, दुसऱ्या बाजूनं ढकललं की ढिला. “म्हणजे ओढ असेल तिथं काडी बारीक चालेल,” सर हळूच म्हणाले, जणू कुणी चोरून ऐकेल. “दाब असेल तिथं मात्र जाड हवी.” पण जाड म्हणजे जड. आणि जड म्हणजे हरणं.

इथं माझी कारवी कामाला आली. कुडाच्या उरलेल्या कारवीच्या काड्या मी भुईवर उभ्या धरून तळहातानं दाबत सुटले. माझ्याएवढी लांब काडी धनुष्यासारखी पोटातून बाहेर यायची, थोडं दाबलं तरी. तीच अर्धी मोडली आणि दाबली तर तळहाताला खळगा पडायचा, काडी हलायची नाही. अर्धी केल्यावर दुप्पट ताकद येईल असं मला वाटलं होतं, पण येत होती त्याहून कितीतरी जास्त. लांब काडी मोडत नव्हती मुळी. ती आधी बाहेर पळत होती आणि मग मोडत होती. मग मी लांबच काडी धरली आणि बाळूला सांगितलं, “मधोमध दोन बोटांत धर. फक्त धर.” बाळू तेव्हा जेमतेम पाच वर्षांचा, नाकातून गंगा-यमुना. त्याच्या दोन बोटांनी ती काडी सरळ राहिली आणि मी सगळं अंग टाकलं तरी वाकेना. शेंबडं पोर, पण माझ्या साऱ्या अंगाचं वजन त्यानं दोन बोटांत रोखलं! पाय जाड करायची गरजच नव्हती. त्याला मध्ये मध्ये कुणीतरी धरायला हवं होतं.

आज मी पाणीपुरवठ्याच्या नोकरीत आहे, शेवटचं वर्ष चालू आहे. सूर्यमाळच्या अंगाला पाड्यापाड्यांत उंच टाक्या बांधतात, आणि त्यांच्या खांबांना मध्ये मध्ये आडवे तिरके हात असतात. नवीन पोरं मला विचारतात, मॅडम, हे इतके कशाला? मी म्हणते, ही बाळूची बोटं आहेत. ती एकमेकांकडे बघतात. बाळू आता ठाण्याला रिक्षा चालवतो, आणि त्याला हे सांगितलं की म्हणतो, ताई, तू माझा शेंबूड अजून विसरली नाहीस.

तर दुसरा मनोरा तयार झाला. पाय बारीक, आडव्या काड्या जवळ जवळ, प्रत्येक घरात फुली. डिंक मात्र ओला होता, आणि आमच्याकडे त्या दिवसांत हवाच अशी की मीठ उघडं ठेवलं तर संध्याकाळी पिता यायचं. आता आमच्या घरची एक पद्धत सांगते. चुलीवर बांबूचा माच टांगलेला असायचा आणि घरात नवीन काही आलं की आधी त्या माचावर, धुरात. टोपली असो, सूप असो, बियाण्याची काकडी, सुकट, ढोलाचं कातडं, सगळं. धूर लागला की कीड लागत नाही, वस्तू कडक होते. आत्या म्हणायची, “ज्याला धूर नाय लागला त्याचा भरवसा नाय,” आणि हे ती जावयांबद्दलही म्हणायची. तेव्हा मी मनोरा केला, तो ओला होता, मग मी तो कुठं ठेवला हे कुणाला विचारायची गरज नाही.

सकाळी काढला तर जिलबी. ऊब लागून डिंक मऊ झाला होता, सांधे सरकले होते आणि सगळा मनोरा कंबरेतून पिळवटला होता. लावणी करून उठलेल्या बाईसारखा, एक हात कमरेवर. मी रडायचे थांबत नव्हते आणि बा हसायचा थांबत नव्हता. बाचं हसू म्हणजे काय सांगू, कौलं नव्हती आमच्या घराला म्हणून वाचली.

“ही काय लाकडं म्हणायची? हे पापड हायत पापड. भाज आन् खा.”

“वजन धरतो हा, बा. नीट केला तर माणूस धरील.”

हे माझ्या तोंडून कसं गेलं ते मला ठाऊक नाही. थाप मारायची सवय असली की तोंड पुढे आणि डोकं मागून येतं.

“माणूस?” बानं विळा खाली ठेवला. “कोण माणूस?”

“कोणपन. तू.”

आत्या दारातच होती. असायचीच. “मंग होऊन जाऊ दे!” ती गरजली, आणि खाली खोडाळ्यात दुकानदारांनी फळ्या बंद केल्या असतील. “अरं, त्या पोरीचा मनोरा तुना धरील तर पोरगी भट्टीवर येनार नाय. माझ्याकडं राहील, शाळा करील. नाय धरला तर ने बापडी.”

हा विषय त्याआधी दोनदा निघाला होता आणि दोन्ही वेळा बानं जेवणाचं ताट बाजूला सारलं होतं, जे त्यानं पूर येऊनही कधी सारलं नसतं. तो दुष्ट नव्हता. त्याचा हिशेब साधा होता : भट्टीवर दोन माणसं चिखलात उभी असताना भाकरी कोण थापणार आणि पोर कोण धरणार? त्यानं आयकडे पाहिलं. आय चुलीत फुंकत होती. न वळता म्हणाली, “बाळू आता मोठा झाला. फिरतो माझ्यामागं. भाकरी मी थापीन पहाटं.”

“बरा,” बा म्हणाला. “टेम्पो येईल त्या सकाळी. धरला तर राहा. पन मना पाडलास आन् माझी कंबर गेली, तर विटा तूच वाहशील.”

त्या रात्री मी पिळवटलेला मनोरा उकलून बसले. राग म्हणून एक काडी मोडायला घेतली, आणि ती मोडेना. म्हणजे मोडली, पण कटकन्, वाळक्या शेंगेसारखी. जुडग्यातली नवी काडी घेतली तर ती मऊ, बिचारी, वाकून वाकून मग तुटली. धुरातल्या काडीत पाणीच उरलं नव्हतं. ती हलकीही वाटत होती. हातानं कळेना, म्हणून दुसऱ्या दिवशी सरांच्या तराजूत दोन्ही बाजूंना सारख्या मापाच्या काड्या टाकल्या, तर धुराची बाजू वर. सर तराजूकडे असे बघत राहिले जसं त्यात कुणी जन्माला आलंय.

“हिरा, तू चूक काय केलीस, कळलं का?”

“धुरावर ठेवला.”

“अगं नाही. आधी चिकटवलास आणि मग ठेवलास. उलट कर.”

मग आमच्या माचावर सुकटीच्या माळेशेजारी बाल्साच्या काड्या झोपल्या. कितीक दिवस. चुलीवर नागलीच्या भाकरी पडत होत्या, उडदाचं घुटं शिजत होतं, लसणाची फोडणी वर जात होती आणि त्या परदेशातल्या लाकडाला आमच्या घराचा वास लागत होता. काड्या आधी पिवळ्या झाल्या, मग तपकिरी, मग आत्याच्या दातांसारख्या. मग मी त्या उतरवल्या आणि भर दुपारी, चुलीपासून लांब, अंगणात उन्हात बसून चिकटवल्या. प्रत्येक सांध्यावर बाल्साचा छोटा पातळ तुकडा पट्टीसारखा, म्हणजे सांधा सरकायचा झाला तरी त्याला आधी परवानगी मागावी लागेल. चारही पाय सारखे नसतील तर सगळं वजन एकाच पायावर येतं, हे मला बाजेवर झोपून ठाऊक होतं. म्हणून मनोऱ्याची तळपावलं आत्याच्या पाट्यावर घासली, चारही एकदम, अलगद, टेकून डुगडुगेना तोवर. नंतर आठवडाभर आत्याच्या चटणीत भुसा लागत होता. ती म्हणायची, “परदेशी मसाला हाय, खा गपचूप.”

वर पाट ठेवून मी आधी दगड चढवून पाहावेत असं मला फार वाटत होतं. किती धरतो ते बघायची इतकी खाज होती की हात शिवशिवायचे. पण सरांनी सांगितलं होतं, एकदा ताण पडलेली काडी पुन्हा पहिल्यासारखी नसते, आत बारीक चीर पडते. आणि दुसरं : वजन टाकायचं नाही, ठेवायचं. टाकलेलं वजन क्षणभर दुप्पट होतं. काड्या संपल्या होत्या. चौथा मनोरा नव्हता. म्हणजे तो धरेल की नाही हे मला कळणार होतं ते बाच्या पायाखालीच.

टेम्पोच्या सकाळी सगळा पाडा अंगणात. टोपं, गोधड्या टेम्पोत चढलेल्या, ड्रायव्हर भोंगा वाजवतोय, त्यालाही आत्यानं गप्प केलं. भोंगा बंद झाला, इंजिनही बंद पडलं; तिचा आवाजच तसा. अंगणातली सपाट फरशी मी ओल्या फडक्यानं पुसली आणि मनोरा ठेवला. काळपट, एक फूट उंच, हातात घेतला तर चिमणीपेक्षा हलका. बाजूला जातं ठेवलं, बाला पायरी म्हणून. वर पाट. लोक हसायला लागले. एक म्हातारा म्हणाला, “ह्याच्यावर कोंबडी बसली तर कोंबडीचाच पाय मोडंल.”

बा पुढे आला. एरवी हा माणूस उडी मारून टेम्पोत चढायचा, उडी मारून उतरायचा, उडी मारल्याशिवाय त्याला पाणीही पिता यायचं नाही. तो आला आणि त्यानं चपला काढल्या. कमरेचा कोयता सोडून आयच्या हातात दिला. खांद्यावरची घोंगडी ठेवली. डोक्याचं फडकं सोडलं. पैरणीच्या खिशातून तंबाखूची डबी काढली, चुन्याची डबी काढली, विचार करून अंगातली पैरणही काढली.

“आंघोळीला चाललास का?” कुणीतरी ओरडलं.

“उकडतंय,” बा म्हणाला. मार्गशीर्षातली सकाळ होती, तोंडातून वाफा निघत होत्या.

“बा, हळू,” मी म्हटलं. “टाकू नको पाय. ठेव.”

तो जात्यावर चढला. उजवा पाय पाटावर ठेवला, जसा आपण झोपलेल्या पोराला ओलांडताना ठेवतो. मनोऱ्यानं टिक् केलं. एक काडी आपली जागा धरून बसली असावी. बा थांबला. मी खाली बसून पाय बघत होते. मला बा दिसतच नव्हता, फक्त चार तपकिरी काड्या आणि त्यांच्यामधल्या फुल्या, आणि मी मनातल्या मनात प्रत्येक काडीला दोन बोटांत धरून बसले होते. मग जात्यावरचा डावा पाय उचलला गेला. टिक्. टिक्. नंतर काही नाही. वाराही थांबला होता. आता हे खोटं म्हणाल, तर म्हणा. बा हवेत उभा होता. एक फूटभर हवा, आणि त्यात धुराचा वास.

“धरलान्!” आत्या ओरडली. आता मोखाड्याला तहसील कचेरीत कारकुनांच्या हातून टाक पडले असणार.

मी वर पाहिलं. बा तसाच उभा होता, हात थोडे पसरून, आणि खाली बघत होता. उडी मारून उतरला असता तर मनोऱ्याच्या काड्या झाल्या असत्या. पैज तर मी जिंकलेच होते. पण त्यानं आधी डावा पाय जात्यावर ठेवला, मग उजवा. खाली आला, पाट उचलून बाजूला ठेवला, आणि मनोरा दोन्ही हातांनी उचलून माझ्याकडे दिला.

“जव्हारला नेशील तव्हा एस्टीत मांडीवर घे,” म्हणाला. “वर टाकू नको.”

मग पैरण घालत आयला म्हणाला, “भाकर दे गं.” टेम्पोच्या फळीला टेकून उभ्या उभ्या त्यानं भाकरी खायला सुरुवात केली, एकावर एक, नुसत्या मिरचीशी, तोंड भरून. ड्रायव्हरनं पुन्हा भोंगा वाजवला तरी त्याचं लक्ष नव्हतं. टेम्पो निघाला तेव्हाही तो मागे उभा राहून खातच होता, आणि हात वर केला तोही भाकरीचाच. मी काही तिकडे नीट पाहिलं नाही. मी पाय तपासत होते. डाव्या मागच्या पायाला, वरून तिसऱ्या घरात, केसाएवढी चीर पडली होती.

ती चीर जव्हारला नडली. तिथं सगळे मनोरे पांढरेशुभ्र, शाळेच्या बुटांसारखे, आणि माझा एकटा काळा. परीक्षकांनी तो हुंगून पाहिला आणि एकमेकांकडे पाहिलं. वजनावर वजन चढलं, बापेक्षा कितीतरी वर गेलं, आणि मग नेमका वरून तिसऱ्या घरात कटकन् आवाज झाला. दुसरा नंबर आला. सर हातावर काड्या घेऊन मोड कुठून झाली ते बघत बसले आणि बक्षीस घ्यायला त्यांना तीनदा बोलवावं लागलं. त्या वर्षी मी पहिल्यांदा पुस्तकाचा दुसरा अर्धा भाग वाचला. राज्याभिषेक पाहिला. व्याज मात्र मला अजून येत नाही.

पण ते नंतर. टेम्पो गेला त्या दिवशी संध्याकाळी आत्याच्या घरी जेवायला बसलो, तर तिनं फडक्यात बांधलेल्या भाकरी काढल्या. नागलीच्या, जाड, आयच्या हाताच्या, कडक झालेल्या.

“ह्या कुठल्या?” मी विचारलं.

“तुझ्या बाच्या. काल दुपारपासनं जेवला नाय तो. काल म्हणे पोटात मुरडा. रात्री म्हणे डोकं दुखतं. आज सकाळी म्हणे पान्यानंच पोट भरलं.” आत्या एवढंच बोलली, आणि तिच्या आयुष्यात पहिल्यांदा इतक्या हळू बोलली की मला पुढे सरकून ऐकावं लागलं. “खा. दूध घालू का?”

त्या मनोऱ्यानं किती पेललं, असं आजही कुणी विचारलं तर समोरचा माणूस बघून मी आकडा ठरवते. पोरांना सांगते, एक हत्ती. ठेकेदारांना सांगते, तुमचा अख्खा टेम्पो. साहेबांना सांगते, एक साहेब, खुर्चीसकट. घरी नवरा पाऊण वजा करतो, त्याच्यासाठी मी आधीच चौपट सांगून ठेवलेलं असतं. पण आमच्या अंगणात त्या सकाळी त्यानं जे पेललं त्यात मी कधी एक गुंजही वाढवलेली नाही. माझा बा पेलला त्यानं, पैरण नसलेला, चपला नसलेला, आणि त्यातून तीन वेळच्या भाकरी वजा.